वडिलांसाठी ई-रीडर घ्यावा की टॅब? आधी पुस्तकांची यादी करा

सांगलीच्या गावभागातून आलेला प्रश्न थोडक्यात असा: वडील ७२ वर्षांचे, निवृत्त शिक्षक, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला. गुडघ्यांमुळे वाचनालयाच्या फेऱ्या थांबल्या. वाचन म्हणजे चरित्रे, जुनी नाटके, दिवाळी अंक आणि रोजचे वर्तमानपत्र. घरात तीनेकशे पुस्तके, त्यातली काही २०१९ च्या महापुरात भिजून वाळवलेली. पंधरा-वीस हजारांत ई-रीडर (ॲमेझॉनच्या किंडलसारखे फक्त पुस्तके वाचायचे यंत्र) घ्यावा, टॅब घ्यावा, की आहे तो मोबाईलच पुरे? आणि जुन्या पुस्तकांचे काय करता येईल?

निकाल आधी सांगतो. या वर्णनाला दहा-साडेदहा इंची टॅब बसतो, ई-रीडर नाही. इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्यासाठी हाच प्रश्न असता तर उत्तर नेमके उलटे दिले असते. फरक डोळ्यांचा नाही, मराठी पुस्तके कोणत्या रूपात मिळतात त्याचा आहे. म्हणून दुकानात जाण्याआधी वडिलांना शेजारी बसवून येत्या वर्षभरात वाचायच्या वीस पुस्तकांची यादी करा आणि प्रत्येकापुढे ते कुठे आणि कोणत्या स्वरूपात मिळते ते लिहा. यंत्र त्या यादीतून ठरते.

मराठी डिजिटल पुस्तक तीन प्रकारचे असते. पहिला प्रकार वाहत्या मजकुराचा, म्हणजे ईपब किंवा किंडलचे पुस्तक. अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात. दुसरा प्रकार पीडीएफ, पण आत खरा मजकूर असलेली. तिसरा प्रकार स्कॅन, म्हणजे पानांचे नुसते फोटो. ओळखायला अर्धा मिनिट लागतो. पीडीएफ उघडा आणि एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. काहीच निवडले गेले नाही तर स्कॅन. निवडले गेले, पण दुसरीकडे चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा भेळभत्ता दिसला तर ते जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधले आहे (युनिकोड म्हणजे सगळ्या यंत्रांना समजणारी अक्षरांची सामाईक पद्धत). डोळ्यांना नीट दिसते, पण त्यात शोध चालत नाही, ते ईपबमध्ये बदलता येत नाही आणि यंत्राला मोठ्याने वाचायलाही लावता येत नाही. श्रीलिपी किंवा आयएसएम या जुन्या टंकन-सॉफ्टवेअरमध्ये जुळवलेली कितीतरी पुस्तके अशीच आहेत.

पीडीएफमध्ये शोध चालतो का हे तपासताना ‘आणि’ हा शब्द वापरू नका. पीडीएफ अक्षरांचे आकार साठवते, क्रम नाही. पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी आणि टंकली जाते नंतर, त्यामुळे मजकूर युनिकोडमध्ये असूनही असे शब्द सापडत नाहीत आणि चांगली फाइल उगाच बाद होते. ‘मग’, ‘तर’, ‘घर’ असे साधे शब्द शोधा.

तुमच्या यादीत जुनी नाटके आणि दिवाळी अंक आहेत, म्हणजे निम्म्याहून अधिक माल पीडीएफ किंवा स्कॅन निघणार. तिथे पडद्याचा आकार हाच मुख्य मुद्दा ठरतो, आणि तो विक्रेत्याच्या शब्दावर न सोडता मोजता येतो.

आपले नेहमीचे डेमी पुस्तक साधारण १४ बाय २१.५ सेंमी. सहा इंची ई-रीडरचा पडदा जेमतेम ९ बाय १२ सेंमी. अख्खे पान त्यात बसवले की ते ५७ टक्क्यांवर येते, म्हणजे १२ पॉइंटचे अक्षर ७ पॉइंटच्याही खाली जाते. कोरे समास कापून टाकले तर ७२ टक्क्यांपर्यंत, साडेआठ पॉइंट. सात इंची ई-रीडरवर समास कापल्यावर जवळपास १० पॉइंट मिळतात, तेही एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेल्या माणसाला कमीच. १०.१ इंची टॅब उभा धरला तर पडदा १३.६ बाय २१.७ सेंमी, म्हणजे डेमी पान जवळजवळ मूळ मापात. दिवाळी अंक मोठ्या आकाराचा, दोन स्तंभांचा. टॅब आडवा केला की तोही मूळ अक्षराएवढा किंवा थोडा मोठा दिसतो, अर्धे-अर्धे पान वाचावे लागते इतकेच.

आकड्यांवर विश्वास ठेवण्यापेक्षा झेरॉक्सच्या दुकानात जा. वडिलांच्या एखाद्या पुस्तकाचे एकच पान ५७, ७२ आणि ९७ टक्क्यांवर काढून घ्या आणि रात्री ट्यूबच्या उजेडात, त्यांच्या नेहमीच्या चष्म्यानिशी, त्यांच्या हातात द्या. तीन कागद म्हणजे सहा इंची ई-रीडर, समास कापलेला सहा इंची ई-रीडर आणि दहा इंची टॅब. पाच-दहा रुपयांत पंधरा हजारांची चूक टळते. मोबाईलचा कागद वेगळा काढायची गरज नाही. साडेसहा इंची मोबाईल लांबीला मोठा असला तरी रुंदीला सात सेंमीच असतो.

आता पुस्तके मिळतात कुठे. किंडलवर डिसेंबर २०१६ पासून मराठी पुस्तके आहेत. मराठी ई-पुस्तकांचा दुसरा मोठा साठा बुकगंगा या ऑनलाइन दुकानाकडे, आणि ती त्यांच्याच ॲपमध्ये वाचावी लागतात. इथेच बहुतेकांची फसगत होते: किंडल यंत्रावर बुकगंगाचे ॲप चालत नाही. म्हणजे यादीतली बारा पुस्तके एकीकडे आणि आठ दुसरीकडे असतील तर किंडल घेऊन आठ पुस्तके गमावली. अँड्रॉइड टॅबवर दोन्ही ॲप शेजारी शेजारी राहतात.

विकत घेतलेले पुस्तक म्हणजे वाचनाचा परवाना, मालकी नव्हे, हे वडिलांनाही सांगून ठेवा. किंडलची पुस्तके यूएसबीने संगणकावर उतरवून घेण्याची सोय २६ फेब्रुवारी २०२५ ला बंद झाली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान मिटले तेव्हा वाचकांना पैसे परत मिळाले, पुस्तके गेली. म्हणून माझा ठोकताळा असा: एकदा वाचून बाजूला ठेवायचे ते डिजिटल घ्यावे, पुन्हा पुन्हा उघडायचे ते कागदावर. खाते उघडताना वडिलांचा तोच नंबर द्या जो पुढे दहा वर्षे चालू राहील. नंबर बंद पडला की ओटीपी येत नाही, आणि ओटीपी नाही तर पुस्तकेही नाहीत.

मोफत आणि रीतसर मिळणारे बरेच आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तके पीडीएफमध्ये उतरवता येतात. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ ग्रंथ स्कॅन करून ठेवले आहेत. ई-साहित्य प्रतिष्ठानचा साठा मोठा आहे, प्रत संमिश्र. विकिस्रोतावर निवडक पण खरा युनिकोड मजकूर मिळतो. आणि आपल्या शेजारच्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला मराठी विश्वकोश, त्याचे वीसही खंड जालावर आहेत. निवृत्त शिक्षकासाठी याच्याइतकी चांगली गोष्ट नाही. तो वाचायला इंटरनेट लागते, पण आवडलेली नोंद ब्राउझरच्या ‘प्रिंट’मध्ये जाऊन पीडीएफ म्हणून जतन केली की वीज नसतानाही वाचता येते.

जुन्या नाटकांबाबत कायद्याचे गणित सोपे आहे. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे मोजायची. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल १९१६ मध्ये गेले, सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये. दोघांचे मूळ लेखन कधीच खुले झाले आहे. सांगलीतच जन्मलेले वि. स. खांडेकर १९७६ चे, त्यामुळे त्यांची पुस्तके २०३६ अखेरपर्यंत खुली नाहीत. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या त्यांच्या पीडीएफ चोरीच्याच म्हणायच्या. आणखी एक बारकावा: मूळ नाटक खुले असले तरी कुणा संपादकाने अलीकडे लिहिलेली प्रस्तावना आणि टिपा त्याच्या मालकीच्या असतात.

ई-रीडर कुणी घ्यावा तेही सांगतो, नाहीतर या उत्तरावरून तो वाईटच असा समज होईल. यादीतली वीसपैकी पंधरा पुस्तके वाहत्या मजकुराची असतील, वाचन रोज दोन-तीन तास असेल, आणि अंगणात उन्हात बसून वाचायची सवय असेल तर त्याच्यासारखे दुसरे यंत्र नाही. ई-इंकचा पडदा कागदासारखा बाहेरच्या उजेडावर दिसतो. वीज पान उलटतानाच खर्च होते, म्हणून चार्ज आठवडे टिकतो. वजन २०० ग्रॅमच्या आसपास. दहा इंची टॅब कव्हरसकट पाऊण किलोला जातो. घेतलाच तर ३०० पीपीआयचा, म्हणजे इंचात ३०० ठिपक्यांचा, घ्या. १६७ पीपीआयच्या जुन्या पडद्यावर ‘क्ष्म’, ‘द्ध’, ‘ष्ट्र’ यांची पोटे भरतात. आपली ईपब फाइल किंडलवर मेलने पाठवता येते, मर्यादा ५० एमबी. ब्राउझरमधून पाठवली तर २०० एमबी. पीडीएफ मात्र ‘कन्व्हर्ट’ करून पाठवू नका, मराठीची खिचडी होते. त्यापेक्षा केटूपीडीएफऑप्ट हे मोफत साधन वापरा. ते पानाचा फोटो शब्दाशब्दांत कापून लहान पडद्यासाठी पुन्हा मांडते. शिरोरेषेमुळे आपला शब्द सलग राहतो, त्यामुळे देवनागरीत हे काम चांगले होते. कविता आणि नाटकातल्या पदांची ओळ मात्र मोडते.

वाहत्या मजकुराचे पुस्तक घेण्याआधी नमुना पाने उतरवून तीन गोष्टी पाहा. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र शेपटीसारखा दिसतो का, की ‘दुसर्या’ असा रफार होऊन बसलाय? ‘ॲप’, ‘ॲसिड’ यांतला ॲ चौकोन होऊन येतो का? हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला आले, जुन्या यंत्रांना ते ठाऊक नाही. आणि ल, श मराठी वळणाचे आहेत की हिंदी? पाकळीचा ल वाचत आलेल्या माणसाला दंडाचा ल पानापानावर खटकतो. पुष्कळदा दोष फॉन्टचा नसतो, पुस्तकाची भाषा ‘हिंदी’ किंवा ‘इंग्रजी’ नोंदलेली असते. स्वतःची ईपब असेल तर कॅलिबर या संगणकावरच्या मोफत प्रोग्राममध्ये भाषा मराठी करा. फॉन्टमध्ये मराठी रूपे असतील आणि वाचनाचे ॲप भाषेची नोंद पाळत असेल तर ती आपोआप येतात.

टॅब घेताना एका आकड्यावर अडून बसा: पडदा १९२० बाय १२०० किंवा त्याहून अधिक. स्वस्त टॅबचा १२८० बाय ८०० असतो, म्हणजे दहा इंचांत दीडशे पीपीआय, आणि अनुस्वार तिथे धुळीच्या कणासारखा दिसतो. रॅम ४ जीबी, साठा ६४ जीबी आणि मेमरी कार्डाची खाच एवढे पुरे. कॅमेरा, पेन, स्पीकर यांच्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका. सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार ते विचारा. दोन वर्षांपूर्वीचे मॉडेल सवलतीत मिळत असेल तर ती सवलत बहुतेक त्याचीच असते. वर मॅट फिल्म लावून घ्या. अक्षर किंचित रवाळ दिसते, पण डोक्यावरच्या ट्यूबचे प्रतिबिंब जाते.

घरी आणल्यावर मांडणीला तासभर द्या, कारण टॅब वाचनाचे यंत्र आपोआप होत नाही. पहिल्या पडद्यावर चारच चिन्हे ठेवा: किंडल, बुकगंगा, पीडीएफसाठी एक वाचक-ॲप आणि विश्वकोशाचा शॉर्टकट. व्हॉट्सॲप त्यावर घालूच नका, ते मोबाईलवर आहे. सूचना बंद. पडदा विझण्याची वेळ १० मिनिटे करा. मूळची ३० सेकंदांची असते आणि सावकाश वाचणाऱ्याचे पान मध्येच काळे होते. उजेड स्वयंचलित न ठेवता हाताने असा बसवा की शेजारी धरलेल्या छापील पानापेक्षा पडदा उजळ दिसू नये. पीडीएफसाठी कोरीडर चांगले: समास आपोआप कापते आणि पुस्तकागणिक मांडणी लक्षात ठेवते. त्याचे मेनू रूक्ष आहेत, पण ते एकदा तुम्ही लावायचे, वडिलांनी नाही. पार्श्वभूमी पांढरीफटक नको, फिकट पिवळसर ठेवा. मोतीबिंदू असेल तर काळ्यावर पांढरी अक्षरेही दाखवून पाहा. काहींना त्याने चकाकी कमी होते, काहींना अक्षराभोवती वलय दिसते. हे ठरवणारे त्यांचे डोळे. जवळचा चष्मा बहुधा ३५-४० सेंमीसाठी असतो. टॅब टेबलावर स्टँडला लावून दोन हात दूर ठेवला तर अक्षर कितीही मोठे करा, अस्पष्टच राहणार. मांडीवर उशी, उशीवर टॅब. वजनाचाही प्रश्न सुटतो.

डोळे थकल्यावर ऐकायचे असेल तर अँड्रॉइडच्या ‘टेक्स्ट टू स्पीच’ सेटिंगमध्ये मराठी आवाज उतरवून घ्या. तो खऱ्या युनिकोड मजकुरावरच चालतो. उच्चार सपाट आहेत, पण चरित्र ऐकायला चालतात. नाटक ऐकवू नका, हसू येईल.

वर्तमानपत्र कागदाचेच राहू द्या. सुमारे ३५ सेंमी रुंदीचे पान टॅबवर ४० टक्क्यांखाली जाते, बातमी बातमी मोठी करून वाचण्यात सकाळ जाते आणि चहा निवतो.

राहिली घरची तीनशे पुस्तके. सगळी स्कॅन करायचा विचार सोडा. दोनशे पानांच्या पुस्तकाला सराव झाल्यावरही अर्धा-पाऊण तास लागतो, तीनशेचा हिशेब दोनशे तासांवर जातो. जे पुन्हा छापलेले नाही, जालावर नाही, किंवा ज्याच्या समासात वडिलांची टिपणे आहेत, तेवढेच काढा. पंधरा-वीस भरतील.

पुरात भिजलेल्या पुस्तकांना हात लावण्याआधी नाकाला एन-९५ मास्क. वाळलेली बुरशी मऊ ब्रशने घराबाहेर झटका, ओल्या फडक्याने पुसू नका, डाग आत मुरतो. चिकटलेली पाने ओढू नका. बोथट पातळ पट्टी कडेकडेने सरकवा, आणि सुटत नसतील तर तेवढी सोडून द्या. गुळगुळीत आर्ट पेपरची चिकटलेली पाने बहुधा सुटतच नाहीत. लाटा आलेल्या पानांवर ४ मिमी जाडीची, कडा घासलेली साधी काच ठेवून फोटो काढा. वरचा दिवा बंद आणि दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दोन ट्यूब, म्हणजे काचेत प्रतिबिंब येत नाही आणि मधल्या शिवणीत सावली पडत नाही. फ्लॅश कधीच नको.

वेगळा स्कॅनर लागत नाही. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत रुंदीला ४००० ठिपके असतात. उघडे डेमी पुस्तक २८ सेंमी, म्हणजे ११ इंच. कडेची जागा वजा करूनही ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) हाती येतात, आणि ओसीआरला, म्हणजे फोटोतली अक्षरे ओळखून मजकूर करण्याला, तेवढेच लागतात. मोबाईल वरून समांतर धरायला स्टँड हवा, हाताने धरलेला दहाव्या पानापासून कलतो. स्कॅनिंगच्या ॲपऐवजी साधा कॅमेरा वापरा, बरीच ॲप चित्र लहान करून ठेवतात. मग संगणकावर स्कॅनटेलर या मोफत प्रोग्राममध्ये जोडपाने वेगळी करून सरळ करा. काळ्या-पांढऱ्यात साठवली तर दोनशे पाने दहा-पंधरा एमबीत मावतात. पेन्सिलची टिपणे असतील तर ग्रेस्केलच (करड्या छटांत) ठेवा, काळ्या-पांढऱ्यात पेन्सिल उडून जाते.

शोधता यावे म्हणून टेसरॅक्ट या मोफत ओसीआर प्रोग्रामने मराठी ओसीआर करून मजकूर फोटोच्या मागे अदृश्य थरात ठेवता येतो, ओसीआरमायपीडीएफ हे मोफत साधन ते काम करते. भाषा ‘मराठी अधिक इंग्रजी’ द्या. फक्त हिंदी दिली तर ‘ळ’ आणि ‘ऱ्य’ यांची वाट लागते. मराठी देऊनही पुसट छपाईत अनुस्वार गळतात, ‘घ’ आणि ‘ध’ अदलाबदल होतात. शोधापुरते एवढे पुरते. मजकूर वेगळा काढून ईपब करायचा असेल तर पानन् पान तपासावे लागेल. घरच्या वाचनासाठी केलेली प्रत घरातच ठेवा, नातेवाइकांच्या गटात टाकली की ती ‘घरची’ राहत नाही.

आणि या फायली ठेवायच्या कुठे? ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागातल्या घरात संगणक आणि हार्ड डिस्क एकाच कपाटात असतील तर त्या दोन प्रती नव्हेत, एकच. एक प्रत टॅबच्या कार्डावर, एक साध्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर. वीस पुस्तकांना १५ जीबीची मोफत जागा सहज पुरते. पेन ड्राइव्हवर एकमेव प्रत नको. तो ने-आण करायला असतो, वर्षानुवर्षे कपाटात पडून राहायला नाही. हार्ड डिस्क मे महिन्यात एकदा जोडून दोन-चार फायली उघडून पाहा, नवी भर घाला आणि मृग लागण्याआधी नदीपासून दूर, विश्रामबागेकडच्या कुणा नातेवाइकाच्या घरी नेऊन ठेवा. दिवाळीच्या फराळाबरोबर परत आणा.